टिकाऊ अडकित्ता कसा निवडावा

अडकित्ता घेताना बहुतेक माणसे अंगठ्याने धार चाचपतात, पितळेची चकाकी पाहतात आणि पैसे देऊन मोकळी होतात. या दोन्ही खुणा फसव्या आहेत. चिंच लावून घासले की कोणतेही पितळ चकाकते आणि बोथट झालेल्या पात्याला कुरुंदाच्या दगडावर पुन्हा धार आणता येते. परंतु दोन दांडे ज्या खिळ्यावर फिरतात त्या खिळ्यातच खोट असेल, तर तो अडकित्ता पहिल्या दिवसापासून सुपारी कातरण्याऐवजी चिरडत राहतो आणि वर्षाच्या आत अडगळीत जातो. म्हणून आधी खिळा पाहावा, मग मिटलेले पाते बैठकीवर, म्हणजे सुपारी जिच्यावर ठेवतो त्या खालच्या भागावर, कसे बसते ते पाहावे, त्यानंतर लोखंडाचा कस तपासावा आणि धारेकडे सगळ्यांत शेवटी वळावे. हा क्रम मी एका नुकसानीतून शिकले.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही आजीला घेऊन मिरजेला नातेवाइकांकडे गेलो आणि तिचा पानाचा डबा घरीच राहिला. पाणी ओसरल्यावर तो डबा देवघराच्या कोनाड्याखाली गाळात रुतलेला सापडला. आत अडकित्ता होता, पण गंजाने दोन्ही दांडे एकमेकांना चिकटून बसले होते. पूजेला आणि आल्यागेल्याला लागतो म्हणून मी पेठेतल्या एका दुकानातून नवा, चकचकीत अडकित्ता आणला. दिवाळी येईपर्यंत त्याचे दांडे डुलू लागले, पाते बैठकीच्या कडेने घसरू लागले आणि तबकात खांडांपेक्षा भुगाच जास्त पडू लागला. तो खिळ्यापाशी उघडल्यावर कळले की आतला खिळा भरीव नव्हताच. पत्र्याची पोकळ नळी दोन्ही बाजूंनी दुमडून बसवलेली होती.

जुना अडकित्ता मिरजेच्या एका लोहाराकडे नेला. त्याने तो दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, लाकडी हातोडीने हलके ठोकत सोडवला, गंज घासून काढला आणि खिळ्याला फक्त एकदा ठोका दिला. मी धारेबद्दल विचारू लागले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, धार काय, कवाबी लावून दीन. पन हितलं भोक वाढलं असतं, तर मी बी काय करनार व्हतो?” आजीचा तो अडकित्ता आजही चालू आहे. पुढे जे लिहिले आहे त्याचा पाया त्या लोहाराच्या बोलण्यात आहे आणि नंतर अनेक अडकित्ते हाताळून पाहिल्यावर त्यात भर पडत गेली.

निवड करण्याआधी अडकित्ता काम कसे करतो हे समजून घेतले की पुढची प्रत्येक चाचणी आपोआप सुचते. शाळेच्या पुस्तकात दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून अडकित्ताच दिलेला असतो: टेकू एका टोकाला, भार मध्ये आणि बल दुसऱ्या टोकाला. टेकू म्हणजे खिळा, भार म्हणजे सुपारी आणि बल म्हणजे आपली मूठ. सुपारी खिळ्यापासून ३ सेंटीमीटरवर असेल आणि मुठीचा दाब १५ सेंटीमीटरवर पडत असेल, तर सुपारीवर मुठीच्या पाचपट जोर येतो. हीच सुपारी ५ सेंटीमीटरवर सरकवली, तर तोच जोर तिपटीवर येतो. आख्खी सुपारी फोडताना ती खिळ्याच्या जवळ सरकवायची आणि बारीक कातरताना थोडी पुढे आणायची, ही सवय आपल्या आज्यांच्या हाताला याच कारणाने लागलेली असते. पण यातूनच खिळ्याचे महत्त्वही कळते, कारण सुपारीच्या प्रतिकाराचा मोठा भाग दर वेळी त्या एका खिळ्यावर येतो. पाते बोथट असेल तर आपण आणखी जोर लावतो आणि तो जोरही खिळ्यालाच सोसावा लागतो.

खिळा आणि सांधा

दुकानात अडकित्ता हातात घेतल्यावर तो अर्धा उघडावा, एक दांडा डाव्या मुठीत घट्ट धरावा आणि दुसरा दांडा उजव्या हाताने उघडमिटीच्या दिशेने न हलवता आडवा, म्हणजे डावीकडे-उजवीकडे, हलवून पाहावा. चांगल्या अडकित्त्यात ही हालचाल जवळजवळ नसते. टोकाशी थोडीशी लवचीकता जाणवली तर ती दांड्याची असू शकते, पण खिळ्यापाशी ‘टक् टक्’ असा आवाज आला किंवा दोन दांड्यांमधली फट कमीजास्त होताना दिसली, तर तो अडकित्ता खाली ठेवावा. दुकानदार “वापरून बसेल” असे सांगतो, पण सैल सांधा वापराने कधीच घट्ट होत नाही. उलट अतिशय घट्ट असलेला सांधा तेलाच्या एका थेंबाने आणि आठवडाभराच्या वापराने मोकळा होतो. त्यामुळे सैल आणि घट्ट यांपैकी एक निवडायची वेळ आली, तर घट्ट निवडावा.

त्यानंतर खिळ्याचे डोके पाहावे. ठोकून बसवलेल्या भरीव खिळ्याचे डोके दोन्ही बाजूंना भरीव, किंचित फुगीर आणि हातोडीच्या बारीक खुणा असलेले असते. डोक्याच्या मध्यभागी खळगा किंवा भोक दिसले आणि कडेला पत्रा उमलल्यासारखा वाटला, तर तो पोकळ खिळा आहे. काही अडकित्त्यांना खिळ्याऐवजी स्क्रू आणि नट असतो. तो वाईट नाही, कारण ढिला झाला की घरच्या घरी आवळता येतो; मात्र आट्यांचा भाग सांध्याच्या आत येता कामा नये, आतला भाग गुळगुळीत असावा, नाहीतर आटे कानशीसारखे काम करून भोक खाऊन टाकतात. खिळा आणि दांडा यांच्यामध्ये पितळेची पातळ चकती असेल, तर ती कारागिराने विचार करून काम केल्याची खूण समजावी. लोखंडावर लोखंड घासले की दोन्ही झिजतात, चकती मध्ये असली की आधी चकती झिजते आणि ती बदलता येते.

भोकाभोवती लोखंड किती उरले आहे तेही पाहण्यासारखे आहे. खिळा दांड्याच्या कडेला लागून असेल, तर त्या कडेची भिंत पातळ राहते आणि एखाद्या कडक सुपारीवर तिथेच तडा जातो. खिळ्याच्या चारी बाजूंना निदान खिळ्याच्या जाडीइतके लोखंड असावे असे मला वाटते.

पाते मिटते कसे

अडकित्ता पूर्ण मिटून खिडकीसमोर धरावा आणि पाते व बैठक यांच्यामधून प्रकाश येतो का ते पाहावे. नव्या अडकित्त्यात प्रकाशाची रेघ दिसू नये. खिळ्याच्या बाजूला रेघ दिसत असेल आणि टोकाला पाते टेकलेले असेल, तर सुपारी आतल्या बाजूला अर्धवट कापली जाते आणि शेवटचा भाग तुटतो. टोकाला फट असेल तर बारीक कातरी पडत नाही. काही अडकित्त्यांत पाते बैठकीवर न टेकता कात्रीसारखे तिच्या अगदी कडेने खाली जाते. अशा अडकित्त्यात बाजूची फट कागदाच्या जाडीपेक्षा जास्त नसावी. दोन्ही प्रकारांत एकच सोपी परीक्षा चालते: वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी आत धरून अडकित्ता सावकाश मिटायचा. पट्टी संपूर्ण लांबीभर कापली गेली तर जुळणी नीट आहे. जिथे कागद नुसता दुमडला किंवा खाली ओढला गेला, तिथे पाते आणि बैठक यांची भेट होत नाही.

डावखुऱ्या माणसाने कडेने जाणारा अडकित्ता घेताना तो आपल्याच हाताने चालवून पाहावा, कारण मुठीचा दाब किंचित तिरका पडतो आणि एका हातात पाते बैठकीकडे दाबले जाते, तर दुसऱ्या हातात तिच्यापासून दूर जाते. बैठकीवर टेकणाऱ्या पात्यात हा फरक राहत नाही.

अडकित्ता मिटलेला असताना दोन मुठींमध्ये निदान बोटभर जागा उरली पाहिजे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सुपारी कटकन फुटली की मूठ एकदम मिटते आणि दांडे एकमेकांना टेकत असतील, तर तळहाताची कातडी मध्ये सापडते. माझ्या आजीच्या अडकित्त्याच्या मुठी बाहेरच्या बाजूला थोड्या वाकवलेल्या आहेत. लहानपणी मला ती नक्षी वाटायची.

लोखंडाचा कस

पात्याचे लोखंड ओळखणे हा पुस्तकी विषय वाटला, तरी दोन-तीन साध्या परीक्षा कुणालाही करता येतात. साध्या, मऊ लोखंडात कार्बन फार कमी, साधारण ०.२५ टक्क्यांपेक्षाही कमी असतो. असे लोखंड तापवून पाण्यात बुडवले तरी म्हणावे तसे कडक होत नाही, म्हणजे लोहाराच्या भाषेत ते ‘पाणी’ घेत नाही. आपल्याकडचे कारागीर पात्यासाठी आणि कोयत्यांसाठी मोटारीच्या स्प्रिंगचे जुने पाटे वापरतात, कारण त्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन असतो आणि ते उत्तम पाणी घेते. सातारा जिल्ह्यात पालीच्या खंडोबाची किंवा पुसेगावची यात्रा भरते, तेव्हा कोयते, विळे आणि अडकित्ते घेऊन बसलेल्या कारागिराला ‘हे पाट्याचं आहे का?’ असे विचारले, की तो आपल्याशी वेगळ्या आदराने बोलू लागतो, हा माझा अनुभव आहे. तिथे भाता लावून बसलेला घिसाडी कारागीर असेल तर त्याला विनंती करावी की आमच्यादेखत पाते सहाणेच्या चाकाला जरासे लावा. पाट्याच्या लोखंडाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, त्यांना फाटे फुटतात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि बिनफाट्याच्या असतात.

चाक नसेल तर बारीक कानस खिशात ठेवावी. दुकानदाराची परवानगी घेऊन पात्याच्या धारेवर नव्हे, तर धारेजवळच्या पाठीवर कानस एकदा हलकेच ओढावी. ती घसरली तर पाते कडक आहे. ती लोखंडात चावली आणि चकचकीत ओरखडा उमटला, तर पात्याला पाणी दिलेलेच नाही. मात्र कडकपणाचीही हद्द असते. पाणी दिल्यावर पाते पुन्हा किंचित तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. ते न केलेले पाते कानशीला दाद देत नाही, पण पहिल्याच कडक, रोठा जातीच्या सुपारीवर त्याच्या धारेचा कपचा उडतो. म्हणून कानस घसरल्यावरही प्रत्यक्ष सुपारी कातरून पाहिल्याशिवाय खात्री धरू नये.

स्टेनलेस स्टीलचा अडकित्ता घ्यायचा असेल तर लोहचुंबक न्यावा. आपल्या ताट-वाट्यांचे स्टील सहसा चुंबकाला चिकटत नाही, किंवा अगदी नाममात्र चिकटते, आणि त्या जातीचे स्टील तापवून कडक करता येत नाही. सुऱ्यांच्या पात्यांचे स्टील चुंबकाला घट्ट चिकटते. पाते चिकटले नाही, तर ते ताटाच्या पत्र्याचेच भाऊबंद आहे आणि त्याची धार महिनाभरही टिकणार नाही. चिकटले, तर मग कानस लावून पाहावी, कारण चुंबकाला मऊ लोखंडही चिकटते.

पाट्यासारखे गंजणारे साधे लोखंड चांगले की स्टेनलेस, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि त्याचे उत्तर घर कुठे आहे यावर बरेच अवलंबून आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तिथे किंवा कोयनेच्या खोऱ्यात साधे लोखंड जून ते सप्टेंबर रोज पुसावे लागते आणि एखाद्या आठवड्याच्या हयगयीने त्यावर तांबूस थर चढतो. जत, आटपाडी, माण या कोरड्या भागात तोच अडकित्ता वर्षभर नुसत्या फडक्याने सांभाळता येतो. दुसरी गोष्ट सुपारीच्या गुणधर्माची आहे. सुपारीत टॅनिन भरपूर असते, ते ओलसर लोखंडाला लागले की निळसर काळा डाग पडतो, आणि भिजवलेली सुपारी साध्या लोखंडाने कातरली तर खांडांच्या कडा काळवंडतात. त्यात अपाय काही नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायच्या तबकात ती खांडे बरी दिसत नाहीत. त्यामुळे पावसाळी मुलखात, किंवा सुपारी भिजवून कातरायची सवय असेल तर, नीट कडक केलेले स्टेनलेस घ्यावे. कोरड्या भागात कोरडी सुपारी कातरणाऱ्याला पाट्याच्या लोखंडाला तोड नाही, कारण त्याची धार घरी सहज लागते.

पितळी अडकित्त्याचे आकर्षण मला समजते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात निरनिराळ्या आकारांचे जुने अडकित्ते मांडलेले आहेत आणि एवढ्याशा वस्तूवर कारागिराने किती जीव लावला होता ते पाहून थक्क व्हायला होते. परंतु पितळ सुपारीपुढे टिकणारी धार धरत नाही, म्हणून पितळी अडकित्त्यातही पाते पोलादाचे असले पाहिजे आणि ते पितळेच्या खाचेत किमान दोन खिळ्यांनी बसवलेले असले पाहिजे. खाच आणि पाते यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट असेल, तर तिथे सुपारीचा भुगा अडकतो, ओल धरतो आणि पाते आतून गंजते. मोराची मान किंवा घोड्याचा पाय असे नाजूक भाग जिथे दांड्याचाच भाग झालेले असतात, तो अडकित्ता रुखवतात मांडावा, रोजच्या कामाला घेऊ नये; ओतीव पितळ वाकण्याआधी मोडते आणि मोडते ते नेमके अशा बारीक जागी.

सुपारी बरोबर न्यावी

अडकित्ता घ्यायला जाताना घरची सुपारी बरोबर न्यावी, हा माझा आग्रह आहे. ज्याच्या घरी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोकणातली रोठा सुपारी येते, त्याने पेठेतल्या मऊ, उकडलेल्या सुपारीवर अडकित्ता पारखून काय उपयोग? निदान तीन-चार सुपाऱ्या असाव्यात. पहिली सुपारी खिळ्याजवळ सरकवून उभी दुभागावी. कापलेला भाग गुळगुळीत असावा, त्यावर तपकिरी आणि पांढऱ्या रेषांची नक्षी स्पष्ट उमटलेली असावी आणि तळहातावर भुगा जवळजवळ पडलेला नसावा. नक्षी पुसट, खरखरीत दिसली, तर पाते कापत नसून फोडते आहे. दुसऱ्या सुपारीच्या अर्ध्या भागाच्या पातळ कातऱ्या पाडून पाहाव्यात. चांगल्या अडकित्त्यात नखाएवढ्या जाडीची कातरी सलग निघते आणि शेवटचा तुकडा बाहेर उडत नाही. उरलेल्या सुपाऱ्या एकामागून एक कातरल्यावर पात्याची धार उजेडात तिरकी धरून पाहावी. धारेवर बिंदूसारखी चमक दिसली, तर तिथे धार मुडपली आहे किंवा कपचा उडाला आहे.

याच वेळी हाताकडेही लक्ष द्यावे. वाळलेली सुपारी साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर रुंद असते. तिच्याभोवती अडकित्ता उघडल्यावर मूठ इतकी फाकू नये की करंगळी दांड्यावरून सुटेल. लहान हाताच्या माणसाला फार लांब दांड्यांचा अडकित्ता फायद्याचा नसतो, कारण जोर वाढतो तसा उघडण्याचा पल्लाही वाढतो. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजी-आजोबांसाठी मात्र लांब दांडे, जाड मूठ आणि रात्रभर भिजवलेली सुपारी हाच मार्ग योग्य. चंचीत ठेवायचा छोटा अडकित्ता वेगळा असतो. त्याचे दांडे आखूड असल्याने तो आख्खी सुपारी फोडायला नसतोच, घरून फोडून आणलेल्या खांडाचे बारीक तुकडे करायला असतो, आणि त्याला मिटून ठेवणारी कडी असलीच पाहिजे.

कन्नडमध्ये सुपारीला अडिके म्हणतात आणि अडकत्तरी हा आपल्या अडकित्त्याचा तिकडचा भाऊ आहे. नावातच सुपारी आहे, तरी आमच्या भागात या बिचाऱ्याकडून काहीही कापून घेतले जाते. सांगली हळदीचे गाव असल्यामुळे हळकुंडे घरोघरी असतात आणि ती अडकित्त्याने फोडण्याचा मोह होतो. हळकुंड कडक तर असतेच, शिवाय ते वेडेवाकडे असल्याने पात्यावर तिरका ताण येतो आणि सांधा डुलू लागतो. खारकेत बी असते, ती धारेचा कपचा उडवते. सुंठ आणि ज्येष्ठमध यांचे तंतू पाते आणि बैठक यांच्यामध्ये अडकून दोघांना फाकवतात. हे सगळे फोडायला खलबत्ता आहे, नाहीतर जुना झालेला दुसरा अडकित्ता ठेवावा.

अडकित्ता चांगला घ्या असे सांगताना सुपारी भरपूर खा असे मी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवाय खाल्लेली सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरली आहे, आणि सतत सुपारी चघळण्याने तोंड उघडेनासे होण्याचा आजारही होतो. आमच्या घरी अडकित्ता आता मुख्यतः पूजेच्या आणि सणासुदीच्या तबकासाठी निघतो. मुलांच्या हाती सुपारीही नको आणि अडकित्ताही नको; तो कुलपाच्या डब्यात राहत नसेल तर कडीचा घ्यावा.

धार आणि निगा

धार बोथट झाल्यावर रस्त्यावरच्या कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पाते देताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. ठिणग्यांबरोबर पाते तापते, आणि धारेवर निळा रंग चढला की तिथले पाणी उतरले असे समजावे. तो भाग पुन्हा मऊ पडतो आणि पुढच्या आठवड्यातच बोथट होतो. कारागिराला दर दोन-तीन घासांनंतर पाते पाण्यात बुडवायला सांगावे. त्यापेक्षा घरी कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडून, मूळचा उतार तसाच ठेवून धार लावणे उत्तम. उतार सुरीसारखा फार पातळ करू नये. सुपारीच्या पात्याला जाडसर धारच मानवते, पातळ धार मुडपते. ज्या बाजूला मूळचा उतार नाही ती बाजू फक्त सपाट ठेवून एकदोनदा घासावी, म्हणजे तिकडे आलेला बारीक काटा निघून जातो.

मिरजेला धारेचा जुना वारसा आहे. इथली तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची; शस्त्रांचे दिवस सरल्यावर त्यांचे हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेत पाते घासायला दिले की मला हे दर वेळी आठवते.

रोजची निगा थोडी आहे, पण ती चुकवू नये. काम झाल्यावर पाते आणि बैठक कोरड्या फडक्याने पुसावी, सांध्यातला भुगा काडीने काढावा आणि अडकित्ता चुन्याच्या डबीला लागून ठेवू नये. पात्यावर तेलाचा हात फिरवायचा तो खोबरेल तेलाचा. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल काही दिवसांत चिकट होते, जवसाचे तर वाळून कडक थर बनते, आणि यंत्राचे तेल तोंडात जाणाऱ्या वस्तूला लावू नये. खिळ्यावर एक थेंब सोडून अडकित्ता दहा-बारा वेळा उघडमीट करावा आणि बाहेर आलेले काळे तेल पुसून टाकावे. पितळी दांडे चिंचेने घासले, तर सांधा आणि पाते लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे, कारण चिंचेचा आंबटपणा फटीत राहिला की आतले पोलाद गंजते.

दसऱ्याला हत्यारे पुजायला काढतो तेव्हा अडकित्त्याची आडवी हालचाल पुन्हा एकदा तपासावी. किंचित ढिलाई आली असेल, तर खिळ्याचे एक डोके ऐरणीवर टेकवून दुसऱ्यावर छोट्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत आणि प्रत्येक ठोक्यानंतर दांडा हलवून पाहावा, कारण एक ठोका जास्त पडला तर सांधा जखडतो. भोकच लांबट झाले असेल, तर ठोके मारत बसू नये. लोहाराकडे नेऊन भोक गोल करून घ्यावे आणि त्यात थोडा जाड, भरीव खिळा बसवून घ्यावा. खिळा बदलून झाल्यावर लोहाराच्या समोरच कागदाची पट्टी घालून अडकित्ता मिटून पाहावा, कारण पाते बैठकीवर नीट बसते की नाही हे तिथेच दुरुस्त करता येते.